न्यूटन ट्रिनिटी मानत नव्हता म्हणे? त्याच्याच कागदांत कसं बघायचं

दर काही महिन्यांनी फॅमिली ग्रुपवर न्यूटन येतो. कधी तो नास्तिक असतो, कधी एकदम कट्टर ख्रिश्चन, आणि मध्येच कोणीतरी टाकतं की तो "आतून" वेगळ्याच धर्माचा होता. मग दोन दिवस भांडण, मग गुड मॉर्निंगचं फूल, की विषय संपला. असल्याच एका भांडणात मीही तावातावाने काहीतरी ठोकून दिलं होतं आणि रात्री झोपताना लक्षात आलं की अरे, या विषयावर आपण न्यूटनचं स्वतःचं एक वाक्यसुद्धा वाचलेलं नाहीये. लाजच वाटली जरा. तेव्हापासून अधूनमधून वाचतोय, आणि जे वाचतोय ते सगळं फुकट ऑनलाइन पडलंय, फक्त कुठून शिरायचं ते कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहितोय.

शिरण्याआधी एक शब्द नीट बसवून घ्या. ट्रिनिटीला आपल्याकडच्या मराठी चर्चमध्ये त्रैक्य म्हणतात. देव एकच, पण त्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती, तिघेही सारखेच देव, तिघेही अनादि, कोणी मोठा नाही कोणी छोटा नाही, आणि तरी देव तीन नाहीत. हे वाचून डोकं गरगरलं तर गरगरू द्या, चर्च स्वतःच याला रहस्य म्हणतं. आपली अडचण वेगळीच होते, आपल्याला तीन म्हटलं की लगेच दत्तगुरू नाहीतर ब्रह्मा-विष्णू-महेश दिसतात. ते चित्र थोडा वेळ बाजूला ठेवा, कारण न्यूटनचं भांडण "एका देवाची तीन रूपं" या कल्पनेशी नाहीये. त्याचं भांडण "सारखेच" या शब्दाशी आहे. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा देव आहे, दोघे एकाच तत्त्वाचे आहेत, हे त्याला मान्य नव्हतं.

आणि "एकाच तत्त्वाचा" हा शब्द आला कुठून? इ.स. 325 मध्ये नायसिया नावाच्या गावात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बिशप लोकांची परिषद भरली. एका बाजूला अलेक्झांड्रियाचा एरियस, तो म्हणायचा पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, त्यामुळे पित्याच्या खालचा. दुसऱ्या बाजूला जे लोक होते त्यांचा पुढे सगळ्यात मोठा लढवय्या झाला अथनेशियस. परिषदेने ग्रीक शब्द वापरला होमोऊसिऑस, म्हणजे समतत्त्व. हा शब्द बायबलमध्ये कुठेच नाही, आणि न्यूटनला नेमकं तेच खटकलं. ही तीन नावं, एरियस, अथनेशियस, नायसिया, एका चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवा, पुढे सारखी लागतात.

आता कागद. न्यूटनने धर्मावर लाखो शब्द लिहिले आणि त्यातलं जवळजवळ काहीच हयातीत छापलं नाही. 1727 मध्ये तो गेला तेव्हा थॉमस पेलेट नावाच्या डॉक्टरने कागदांचे गठ्ठे तपासले आणि बऱ्याच गठ्ठ्यांवर शेरा मारला, "छापण्यायोग्य नाही". मग ते भाचीकडे, भाचीच्या मुलीचं लग्न झालं त्या पोर्ट्समथ घराण्याकडे, आणि तिथे सव्वाशेहून जास्त वर्षं वाड्यात पडून. 1872 मध्ये घराण्याने केंब्रिज युनिव्हर्सिटीला कागद दिले तर युनिव्हर्सिटीने गणित आणि सायन्सचे ठेवून घेतले आणि धर्म, किमया वगैरे परत पाठवले! 1936 मध्ये लंडनला सदबीजने तो उरलेला माल लिलावात काढला. अर्थशास्त्रवाला केन्स, तोच तो, त्याने जमेल तेवढे विकत घेतले, ते आज केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात आहेत. धर्मावरचा मोठा हिस्सा अब्राहम याहुदा नावाच्या अभ्यासकाने जमवला, तो आज जेरुसलेमला इस्रायलच्या नॅशनल लायब्ररीत आहे.

हे सांगायचं कारण इतिहास नाही, कारण एकदम प्रॅक्टिकल आहे. ऑनलाइन शोधताना प्रत्येक कागदाला असं नाव दिसेल, "केन्स एमएस 8" किंवा "याहुदा एमएस 1". एमएस म्हणजे हस्तलिखित, आणि सगळं मिळून कोणाच्या संग्रहातला कितवा गठ्ठा. हे कळलं की अर्धी भीती जाते. शोधायचं कुठे, तर "न्यूटन प्रोजेक्ट" असं टाका, ही आता ऑक्सफर्डहून चालते, तिथे हस्तलिखितं टाइप करून ठेवलीत. मूळ पानांचे फोटो बघायचे असतील तर केंब्रिज डिजिटल लायब्ररी आणि इस्रायलची लायब्ररी.

माझी चूक करू नका. मी उत्साहात पहिल्यांदा याहुदा 1 उघडलं, ते प्रकटीकरणाच्या पुस्तकावरचं (बायबलचं शेवटचं, भविष्यवाण्यांचं पुस्तक) अवाढव्य प्रकरण आहे, त्यात शिंगं, पशू, तुताऱ्या, वाट्या, तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप बंद केला आणि महिनाभर उघडला नाही. सुरुवात केन्स 8 पासून करा. त्यात फक्त बारा कलमं आहेत, इंग्रजीत, चहा संपेपर्यंत वाचून होतात. पहिलंच कलम असं आहे की देव एकच, तो पिता, सदाजीवी, सर्वव्यापी, सर्वज्ञ, सर्वशक्तिमान, आणि देव व माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, तो म्हणजे ख्रिस्त येशू हा माणूस. परत वाचा ते. "देव एकच" हे कुठलाही ख्रिश्चन म्हणेल, पण पुढे लगेच "तो पिता" असं म्हणून न्यूटन तिथेच थांबतो, पुत्र आणि आत्मा त्या वाक्यात देव म्हणून येतच नाहीत. खाली अजून येतं, की पित्याकडे जीवन स्वतःचं आहे आणि पुत्राला ते पित्याने दिलंय, ज्ञान मुळात पित्याकडे आणि तिथून ते येशूला मिळतं. सगळीकडे देणारा एक आणि घेणारा दुसरा. शेवटच्या कलमात तर सरळच सांगितलंय की सर्वशक्तिमान देव म्हणून पूजा फक्त पित्याची, आणि येशूचा मान प्रभू, मसीहा, राजा, देवाचा कोकरा म्हणून.

इथे एक पेन्सिलची खूण करा. न्यूटनने येशूला नुसता चांगला माणूस किंवा शिक्षक करून टाकलेलं नाही. त्याच्या लेखी येशू मसीहा आहे, प्रभू आहे, मान द्यायलाच हवा. फक्त परमेश्वराच्या जागी बसवायचा नाही, बसवला तर ती मूर्तिपूजा, आणि न्यूटनच्या पुस्तकात मूर्तिपूजेएवढं मोठं पाप दुसरं नाही. म्हणजे जो माणूस फॉरवर्डमध्ये "सायंटिस्ट होता म्हणून धर्म मानत नव्हता" असा दाखवतात तो उलट इतका धार्मिक होता की अख्ख्या चर्चलाच मूर्तिपूजक ठरवून बसला होता. मला तर वाटतं त्याने कमी विश्वास ठेवला असता तर गप झोपला असता.

दुसऱ्या दिवशी "प्रिन्सिपिया" च्या, म्हणजे त्याच्या गुरुत्वाकर्षणावरच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या, शेवटची पुरवणी वाचा, जनरल स्कोलियम म्हणतात तिला. ही 1713 च्या दुसऱ्या आवृत्तीत आली आणि ही छापलेली आहे, म्हणजे सगळ्यांसमोर. पाचसहा पानं फक्त. मूळ लॅटिन पण 1729 चं इंग्रजी भाषांतर सहज मिळतं. ग्रह, धूमकेतू करता करता तो अचानक देवावर येतो आणि म्हणतो की देव हा नात्याचा शब्द आहे, मालक म्हटलं की सेवक आलाच, तसं. आपण माझा देव, तुमचा देव, इस्राएलचा देव असं म्हणतो, पण माझा अनंत, तुमचा अनंत असं म्हणत नाही. पहिल्या वाचनात हे नुसतं व्याकरण वाटतं. पण थांबून बघा काय केलंय. देवपण हे तत्त्वात नाही, सत्तेत आहे, असं तो म्हणतोय. आणि देवपण तत्त्वात नसेल तर "समतत्त्व" या शब्दाचा पायाच गेला, नायसियाचं अख्खं भांडणच निरर्थक. ट्रिनिटी हा शब्द न काढता त्याने काम केलंय. आपल्या गावाकडे म्हणतात ना, लेकी बोले सुने लागे, तसलं.

तिसरा कागद माझा सगळ्यात आवडता, त्याला वेळ द्या. 14 नोव्हेंबर 1690 ला न्यूटनने जॉन लॉकला, म्हणजे तत्त्वज्ञ लॉकला, एक लांबलचक पत्र पाठवलं. विषय असा की बायबलमधली ट्रिनिटीला आधार म्हणून दाखवली जाणारी दोन वचनं मागाहून बदललेली आहेत. हे वाचायचं तर शेजारी बायबल उघडं पाहिजे. मराठी बायबल असेल तर उत्तम. योहानाचं पहिलं पत्र, अध्याय 5, ओव्या 7 आणि 8 काढा. मग इंग्रजीतलं 1611 चं किंग जेम्स बायबल ऑनलाइन उघडा, त्याच ओव्या. किंग जेम्समध्ये दिसेल की स्वर्गात साक्ष देणारे तीन आहेत, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत. आता घरातल्या बायबलात हे वाक्य आहे का, की फक्त आत्मा, पाणी आणि रक्त एवढंच आहे, का खाली बारीक अक्षरात टीप आहे, ते स्वतः बघा, आवृत्तीप्रमाणे फरक पडतो.

न्यूटनने काय केलं तर वकिलासारखा एक एक साक्षीदार उभा केला. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत हे वाक्य नाही. चौथ्या शतकात एरियसवरून एवढं रणकंदन झालं, तेव्हा हे वाक्य असतं तर विरोधकांनी पहिल्यांदा हेच तोंडावर फेकलं असतं, पण कोणीच फेकलं नाही. मग आलं कुठून, तर लॅटिन प्रतींतून. इरॅस्मस नावाच्या डच विद्वानाने 1516 आणि 1519 ला ग्रीक नवा करार छापला त्यात हे वाक्य नव्हतं, ओरडा झाला, आणि 1522 च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते घातलं, एका ताज्या ग्रीक हस्तलिखिताच्या आधाराने. (इथे एक गोष्ट फिरते की इरॅस्मसने पैज लावली होती, एक तरी ग्रीक प्रत दाखवा मग घालतो. भारी गोष्ट आहे पण तिला पुरावा नाही असं अभ्यासकांनी दाखवलंय, तेव्हा ग्रुपवर ती टाकू नका.)

दुसरं वचन तीमथ्याला पहिलं पत्र, अध्याय 3, ओवी 16. किंग जेम्स म्हणतं "देव देहात प्रकट झाला". ग्रीकमध्ये जुने लेखक "देव" हा शब्द आखडून दोन अक्षरांत लिहायचे, त्यातलं पहिलं अक्षर म्हणजे गोल आणि गोलात एक आडवी रेघ. ती रेघ काढली की शब्द होतो "जो". एका रेघेवर देव उभा! आपल्याकडे एक अनुस्वार गळला तर अर्थ फिरतो त्यातलाच प्रकार. न्यूटनचं म्हणणं हे की मुळात "देव" नव्हतं. आजचे अभ्यासकही मुळात "देव" नव्हतं असंच मानतात, फक्त न्यूटन तिथे "जे" वाचायचा आणि आजची पसंती "जो" ला आहे. म्हणजे न्यूटन शंभर टक्के बरोबर असं लिहू नका, ऐंशीवर थांबा.

आणि या पत्राचं पुढे काय झालं ते तर सिनेमासारखं आहे. लॉकने ते नाव न सांगता अॅमस्टरडॅमला जाँ ल क्लेर्क नावाच्या विद्वानाकडे पाठवलं, फ्रेंचमध्ये छापायला. 1692 च्या फेब्रुवारीत न्यूटन घाबरला आणि लॉकला लिहिलं की थांबवा, भाषांतर नको, छपाई नको. थांबलं. छापलं गेलं 1754 मध्ये, न्यूटनला जाऊन सत्तावीस वर्षं झाल्यावर, ते पण अर्धवट.

घाबरला का, हे कळायला तेव्हाचा कायदा शेजारी ठेवून वाचावं लागतं, नाहीतर आपण आजच्या सोफ्यावर बसून त्याला भित्रा ठरवतो. 1612 मध्ये एडवर्ड वाइटमन नावाच्या माणसाला लिचफील्डला जिवंत जाळलं होतं, त्याच्या आरोपांत ट्रिनिटी नाकारणं होतं. 1689 च्या धार्मिक सहिष्णुतेच्या कायद्यात ट्रिनिटी नाकारणाऱ्यांना सूट नव्हती. जानेवारी 1697 ला एडिनबराला थॉमस एकनहेड नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याला ईश्वरनिंदेसाठी फाशी दिली. 1698 मध्ये इंग्लंडात नवीन कायदा, ट्रिनिटी नाकारली तर पहिल्या वेळी सरकारी पद गेलं, दुसऱ्या वेळी तीन वर्षं तुरुंग. आणि न्यूटन तेव्हा टांकसाळीचा वॉर्डन! शिवाय ज्या कॉलेजात त्याने आयुष्याची पस्तीसेक वर्षं काढली त्याचं नाव काय, तर ट्रिनिटी कॉलेज. देवाला विनोदबुद्धी आहे.

केंब्रिजमधला एक प्रसंग सगळे सांगतात, तो जपून वापरा. कॉलेजच्या फेलोला, म्हणजे कायमच्या सदस्य-शिक्षकाला, ठरावीक वर्षांत धर्मगुरूची दीक्षा घ्यावी लागायची. न्यूटनने घेतली नाही, आणि 1675 मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सकडून आदेश आला की ल्युकेशियन प्रोफेसरला (न्यूटनचं केंब्रिजमधलं गणिताचं पद) ही अट नाही. तो ट्रिनिटीमुळे दीक्षा टाळत होता हा अंदाज आहे, चांगला अंदाज आहे, कारण साधारण त्याच सुमाराच्या वह्यांत त्याची मतं दिसतात, पण आदेशात तसं कारण लिहिलेलं नाही. असे सांधे जिथे दिसतील तिथे "असावं" वापरायला शिका. उलट विल्यम व्हिस्टनचं प्रकरण एकदम पक्कं आहे. न्यूटननंतर तोच प्रोफेसर झाला, साधारण तीच मतं त्याने उघड बोलून दाखवली, आणि 1710 मध्ये युनिव्हर्सिटीने हाकलला. न्यूटन बघत होता. काही बोलला नाही.

आता वाचायची थोडी तंत्रं. न्यूटन प्रोजेक्टवर प्रत्येक मजकूर दोन प्रकारे दिसतो, एक साफ केलेला आणि एक जसाच्या तसा. आधी साफ केलेला वाचा. एखादं वाक्य महत्त्वाचं वाटलं की जसाच्या तसा उघडा आणि तिथे खोडाखोड बघा, कारण न्यूटन एकच परिच्छेद चारचारदा लिहायचा आणि काय खोडलं त्यात जास्त मजा असते. जुन्या स्पेलिंगला घाबरू नका. वायच्या डोक्यावर छोटा ई दिसला तर तो "द" वाचायचा, वायवर छोटा टी दिसला तर "दॅट". दहा मिनिटांत डोळा सरावतो. तारखांना मात्र फसाल. तेव्हा इंग्लंडात नवीन वर्ष 25 मार्चला लागायचं, त्यामुळे वर लिहिलेलं फेब्रुवारी 1692 चं पत्र कुठे 1691 असं दिसलं तर चूक समजू नका. लॅटिन आलं तर आधी त्याच साइटवर भाषांतर आहे का बघा, मशीन ट्रान्सलेशन या विषयात बेक्कार फसवतं, "तत्त्व" आणि "व्यक्ती" ची अदलाबदल करून टाकतं आणि इथे तर सगळा खेळच त्या दोन शब्दांचा आहे.

सराव झाला की अथनेशियसवरचे प्रश्न वाचा, "पॅराडॉक्सिकल क्वेश्चन्स" नावाने सापडेल. हे अक्षरशः कोर्टाचं आरोपपत्र आहे. पहिलाच प्रश्न असा की एरियस संडासात लाजिरवाणा मेला ही गोष्ट अथनेशियसनेच वीस वर्षांनी पिकवलेली तर नाही ना? हो, गुरुत्वाकर्षणवाला न्यूटन, चौथ्या शतकातल्या संडासाची चौकशी करतोय, तारखा जुळवतोय, साक्षी तपासतोय. मी हे वाचताना एकटाच हसत होतो. पण हेही लक्षात ठेवा की तो इथे न्यायाधीश नाहीये, सरकारी वकील आहे. अथनेशियसची बाजू तो कधीच मांडत नाही, तेव्हा या कागदावरून चर्चचा इतिहास शिकू नका, न्यूटनचा राग शिका.

लेबल लावायची खाज सगळ्यांनाच येते. एरियन म्हणायचं का? बरंचसं जुळतं. सोसिनियन, म्हणजे येशू जन्माआधी अस्तित्वातच नव्हता म्हणणारे? त्यांची पुस्तकं न्यूटनकडे होती, पण तो येशूला जन्माआधीपासून मानायचा. केन्सने त्याला मायमोनिडीज या मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञाच्या पठडीतला ज्यू एकेश्वरवादी म्हटलं, ते ऐकायला छान आहे पण न्यूटन येशूला मसीहा मानायचा, मग ज्यू कसा? अभ्यासकांचा अजून एक शब्द आहे, निकोदेमी. योहानाच्या शुभवर्तमानात निकोदेम नावाचा पुढारी येशूला रात्री लपून भेटायला येतो, त्यावरून. हा मला पटतो कारण तो मत सांगत नाही, वागणं सांगतो. बाहेरून अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चचा, आतून वेगळा. शेवटच्या आजारात मात्र त्याने चर्चचा संस्कार घ्यायला नकार दिला, असं त्याच्या भाचीचा नवरा जॉन कॉन्ड्युइट याने नोंदवलंय. आणि पुरलं कुठे, तर वेस्टमिन्स्टर अॅबीत, थाटामाटात.

हे सगळं परकं वाटत असेल तर एक आपलं उदाहरण. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या दोनतीन वर्षांत तिथल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मिस बील यांच्याशी पत्रांतून जे वाद घातले त्यात त्रैक्य हा मोठा मुद्दा होता, अथनेशियसच्या नावाने चालणारा मतांगिकार, म्हणजे चर्चमध्ये म्हणायची श्रद्धेची ठरलेली कबुली, त्यांना पटत नव्हता. पुढे त्यांचा विश्वास वेगळ्या वाटेने गेला, पण ती पत्रं छापलेली आहेत, मिळाली तर न्यूटनच्या बारा कलमांशेजारी ठेवून वाचा. फरक लगेच दिसतो, बाईंनी जे वाटलं ते समोरच्याला तोंडावर लिहिलं.

पोरांना यात ओढायचं असेल तर एक खेळ आहे. न्यूटनने किमयेच्या कागदांसाठी एक टोपणनाव घेतलं होतं, लॅटिनमध्ये "येओवा सांक्टस उनुस" (Jeova Sanctus Unus), म्हणजे एकच पवित्र यहोवा. त्याचं लॅटिन नाव "इसाकस न्यूटोनस", डब्ल्यूऐवजी दोन यू घालून लिहा (Isaacus Neuutonus) आणि अक्षरं उलटीपालटी करा, लॅटिनच्या रिवाजाने आय-जे एक आणि यू-व्ही एक धरलं की सोळाच्या सोळा अक्षरं जुळतात. माझ्या पुतणीने सात मिनिटांत केलं, मला अर्धा तास लागला होता, ते घरात अजून ऐकवतात.

आणि ग्रुपवर परत न्यूटन आला की एवढंच विचारा, कुठला संग्रह, कितवा गठ्ठा. मी मागच्या महिन्यात विचारलं. अजून ब्लू टिकच आहे.